नाव झाकलं, पण आकडे बोलले

प्रश्न : मी ४७ वर्षांचा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) प्लांट हेड आहे, इथे १४ वर्षं झाली. मालकांची पुढची पिढी कामात आली आहे आणि वरची खुर्ची आता मला मिळणार नाही, हे मला दिसतं. चाकण, राजकोट, कोइमतूर, कुठेही जायची तयारी आहे. पण इथे कुणाला कळता कामा नये, कारण मालकांशी घरोबा आहे. तीन-चार कन्सल्टंटचे फोन येतात. एक म्हणतो, सीव्ही आजच पाठवा, कंपनीचं नाव नंतर सांगतो. दुसऱ्याने प्रोफाइल मार्केटिंगसाठी २५ हजार मागितले. नोटीस ९० दिवसांची आहे. मुलगी नववीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. कन्सल्टंटवर किती विसंबायचं? मेहुण्याचं पॅटर्न शॉप (ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवायचं वर्कशॉप) आहे, चार कंपन्यांत त्याची ऊठबस आहे. त्याला विचारू का?

उत्तर : नमस्कार. २५ हजार देऊ नका. नोकरी लावून देणारा कन्सल्टंट उमेदवाराकडून पैसे घेत नाही, त्याची फी कंपनी देते. पैसे मागणारा बहुतेक वेळा तुमचा सीव्ही शे-दोनशे पत्त्यांवर एकदम पाठवून मोकळा होतो आणि त्यालाच मार्केटिंग म्हणतो. तुम्हाला नेमकं तेच टाळायचं आहे.

फी कंपनी देते, यातच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. कन्सल्टंट तुमच्यासाठी नोकरी शोधत नाही. तो कंपनीसाठी माणूस शोधतो. चांगला असेल तर तुमच्याशी सरळ वागेल, पण त्याचा ग्राहक तुम्ही नाही. म्हणून त्याला पैसे कसे मिळतात ते आधी समजून घ्या. त्याच्या हातात तुमचं गुपित कितपत टिकेल, ते त्यावर ठरतं.

एक प्रकार रिटेन्ड सर्चचा. कंपनी एकाच फर्मला काम देते आणि फी टप्प्याटप्प्याने मिळते : काम सुरू करताना, निवडक नावं समोर ठेवल्यावर आणि माणूस रुजू झाल्यावर. रक्कम वर्षाच्या पगाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. या फर्मला तुमचा सीव्ही दहा ठिकाणी फिरवण्याची गरजच नसते. दुसरा प्रकार यश आलं तरच फी मिळण्याचा. तिथे ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा रूढ दर आहे आणि वरच्या जागांना तो वाढतो. एकाच जागेवर पाच-सहा कन्सल्टंट तुटून पडलेले असतात. ज्याचा सीव्ही आधी पोहोचला त्याची फी, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. ‘आजच पाठवा’ ही घाई तिथून येते. या माणसाला तुमचं वाईट करायचं नसतं. पण सीव्ही जितक्या लवकर आणि जितक्या ठिकाणी जाईल तितका त्याचा फायदा, आणि तुमचं हित नेमकं उलट आहे.

म्हणून असे कन्सल्टंट दोनच ठेवा, फार तर तीन. त्याशिवाय, इंजिनिअरिंग आणि ऑटो क्षेत्रातल्या वरच्या जागा हाताळणाऱ्या दोन-तीन रिटेन्ड फर्मच्या संबंधित भागीदाराला खाजगी मेलवरून चार ओळी लिहून ठेवा. त्यांच्याकडून लगेच उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याकडे आज जागा नसते, सहा महिन्यांनी असते आणि तेव्हा त्यांना नाव आठवतं.

कुठल्याही फर्मशी बोलताना पहिला प्रश्न हा विचारा : ‘माझी सध्याची कंपनी किंवा तिच्या समूहातली एखादी कंपनी तुमची ग्राहक आहे का?’ रिटेन्ड फर्म आपल्या ग्राहक कंपनीतून ठरावीक काळ, बहुधा वर्ष-दोन वर्षं, माणसं उचलत नाहीत. तसा करारच असतो. तुमची कंपनी त्यांची ग्राहक असेल तर त्यांच्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही, उलट तुम्ही बाहेर पडू पाहताय हे नको त्या ठिकाणी नोंदलं जाईल. हा प्रश्न विचारताना स्वतःच्या कंपनीचं नाव सांगावं लागतं, ही अडचण आहेच. त्यामुळे आधी फोन न करता त्यांच्या कामाची माहिती वाचा. ते शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागातल्या कुणासाठी माणसं शोधतात का, याचा अंदाज घ्या आणि मगच बोला.

आता सीव्हीबद्दल. कोल्हापुरात बातमी फुटते ती बहुतेक इथूनच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नाव झाकलेला सीव्ही पाठवला की झालं, असं अनेकांना वाटतं. मुंबईतल्या बँकेच्या अधिकाऱ्याला ते पुरतं, कारण त्याच्यासारखे शेकडो असतात. फाउंड्रीचं जग लहान आहे. समजा तुम्ही लिहिलंत : ‘शिरोली येथील फाउंड्री, महिना १,८०० टन एसजी आयर्न, दोन हाय प्रेशर मोल्डिंग लाइन, ट्रॅक्टर आणि कमर्शियल व्हेइकल ग्राहक, रिजेक्शन ६.२ वरून ३.४ टक्क्यांवर, २०१९ मध्ये दुसरी लाइन उभारली.’ कंपनीचं नाव यात नाही. पण या धंद्यातला कुणीही चहा संपायच्या आत ते सांगेल, आणि मग तिथला प्लांट हेड कोण, हे विचारायचीही गरज नाही. टनेज, लाइनची संख्या, ग्राहकांचा प्रकार आणि वर्ष या चार गोष्टी एकत्र आल्या की नाव झाकूनही उपयोग होत नाही.

तोच मजकूर असा लिहा : ‘पश्चिम भारतातील मध्यम आकाराची लोखंडी कास्टिंग उत्पादक कंपनी, उलाढाल १५० ते ३०० कोटींच्या दरम्यान. यांत्रिक मोल्डिंग. ऑटो आणि शेतीयंत्र क्षेत्रातील ग्राहक. तीन वर्षांत अंतर्गत रिजेक्शन जवळपास निम्म्यावर, टनामागे विजेचा वापर लक्षणीय कमी.’ तुमची कुवत यातून कळते, पत्ता कळत नाही. पुरस्कारांची नावं काढा, निर्यातीच्या देशांची नावं काढा. पदवीचं वर्षही काढा, कारण मेटलर्जीच्या एका बॅचमध्ये मुलं मोजकी असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. हा एक पानाचा सीव्ही पहिल्या टप्प्यासाठी. आकड्यांसह पूर्ण सीव्ही कंपनीचं नाव कळल्यावर आणि तुम्ही लेखी हो म्हटल्यावरच द्यायचा.

फाइल घरच्या संगणकावर तयार करा. कंपनीच्या लॅपटॉपवर केलेल्या वर्ड फाइलच्या गुणधर्मांत तुमचं आणि अनेकदा कंपनीचंही नाव आपोआप बसतं, आणि त्यावरून केलेल्या पीडीएफमध्येही ते उतरू शकतं. पाठवण्यापूर्वी फाइलचे गुणधर्म उघडून पाहा. फाइलच्या नावातही आडनाव नको.

जो म्हणतो, नाव नंतर सांगतो, त्याला हाच एक पानाचा सीव्ही द्या आणि थांबा. कंपनीचं नाव लपवण्यामागे काही वेळा खरं कारण असतं. जागेवर माणूस अजून बसलेला असतो आणि त्याला माहीत नसतं. पण तशी जागा तुमचीच असू शकते, किंवा तुमच्या मालकांच्या जवळच्या मित्राच्या कारखान्यातली. उद्योजकांच्या संघटना, फाउंड्रीवाल्यांच्या बैठका, लग्नकार्यं, सगळीकडे तीच माणसं एकमेकांना भेटतात. बेळगावही यात धरा, तिथलं आणि इथलं फाउंड्री जग वेगळं नाही. तेव्हा नाव कळल्याशिवाय पूर्ण सीव्ही नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

नाव कळलं आणि जागा पटली की फोनवर ‘चालेल’ म्हणून सोडू नका. असा मेल करा : ‘आपण सांगितलेल्या अमुक कंपनीतील अमुक पदासाठी माझा सीव्ही पाठवण्यास माझी संमती आहे. ही संमती याच कंपनीपुरती आणि याच पदापुरती आहे. माझ्या लेखी होकाराशिवाय तो इतर कुठेही, नाव झाकूनसुद्धा, पाठवू नये. माझ्या सध्याच्या कंपनीतील कोणाशीही माझ्याबद्दल बोलू नये. सीव्ही कोणाला आणि कोणत्या तारखेला पाठवला, ते कळवावे.’ सोबत नको असलेल्या कंपन्यांची यादी द्या : तुमच्या समूहातल्या कंपन्या, मोठे ग्राहक, त्यांच्या भगिनी कंपन्या, मोठे पुरवठादार. ग्राहक कंपन्यांबाबत विशेष जपा. चाकणच्या एखाद्या ग्राहकाकडे तुमचा सीव्ही गेला तर त्यांचा व्हेंडर डेव्हलपमेंटचा, म्हणजे पुरवठादार सांभाळणारा, माणूस तुमच्या मालकांना फोन करून सहज विचारेल, ‘साहेब निघाले का?’ त्याच्या मनात वाईट काही नसेल, पण तुमचं काम बिघडलेलं असेल.

घरी एक वही ठेवा. कंपनी, पद, कन्सल्टंट, तारीख, पुढे काय झालं. याचा उपयोग फक्त आठवणीपुरता नाही. एकाच कंपनीत दोन कन्सल्टंटकडून तुमचा सीव्ही पोहोचला तर फी कुणाची यावर वाद होतो आणि कंपन्या अनेकदा कटकट नको म्हणून उमेदवारच बाजूला ठेवतात. एका कन्सल्टंटने पाठवलेल्या सीव्हीवर त्याचा हक्क सहा महिने ते वर्षभर धरला जातो. दुसऱ्याचा फोन आला की ‘तिथे आधीच गेलाय’ हे वही पाहून लगेच सांगता यायला हवं.

लिंक्डइनवरच्या फोटोला ‘नोकरी शोधतोय’ सांगणारी हिरवी कडा लावू नका, हे तुम्हाला माहीत असेलच. फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा जो पर्याय आहे, त्यात तुमच्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून माहिती दडवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण खात्री लिंक्डइनही देत नाही. शिवाय तुमच्या एचआरसाठी माणसं शोधणारा बाहेरचा कन्सल्टंट कंपनीच्या नावाखाली मोडत नाही, त्याला सगळं दिसतं. नोकरीच्या संकेतस्थळांवर ठरावीक कंपन्यांना आपली माहिती न दाखवायची सोय असते. तिलाही हीच मर्यादा आहे. तुमच्या पातळीच्या माणसाने तिथे नाव न नोंदवणं बरं. लिंक्डइनची माहिती ताजी जरूर करा, पण एका रात्रीत नको. आधी बदलांची सूचना इतरांना जाणार नाही अशी सेटिंग करा, मग महिनाभरात थोडं थोडं बदला.

मोबाइल नंबर कंपनीच्या नावावर असेल तर आजच घरी नवीन नंबर घ्या. शोधापुरता म्हणून तर हवाच, पण पुढच्या मोठ्या कटकटीसाठीही हवा. बँक, आधार, पीएफचा यूएएन, डिमॅट, सगळ्याचे ओटीपी त्या नंबरवर येतात आणि राजीनाम्यानंतर सिम परत द्यावं लागतं. १४ वर्षांचा पीएफ त्या नंबरला जोडलेला असेल तर शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. हे बदल आता शांतपणे करून घ्या, कुणाला संशय येण्यासारखं त्यात काही नाही.

मुलाखतीच्या पहिल्या फेऱ्या व्हिडिओवर मागा. घरून द्या, प्लांटच्या केबिनमधून नाही. प्रत्यक्ष भेट शनिवारी ठेवायला सांगा, वरच्या जागांसाठी कंपन्या ते मान्य करतात. पुण्याला जाताना कंपनीची गाडी नेऊ नका. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक नाक्यावर फास्टॅगचा मेसेज अकाउंट्सला जातो, आणि ड्रायव्हर तर सगळं पाहतोच. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे पुणं गाठता येतं. कंपनीच्या दौऱ्याला जोडून मुलाखत उरकायचा मोह होतो, तोही टाळा. उद्या गोष्ट उघड झाली तर नोकरी शोधल्याबद्दल कुणी फार बोलणार नाही. कंपनीच्या खर्चाने शोधली, हे मात्र बोललं जाईल आणि १४ वर्षांच्या नावाला डाग लागेल.

कागदपत्रांचा क्रम ठरवून ठेवा. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ कन्सल्टंट पहिल्याच दिवशी मागतात. द्यायच्या त्या ऑफरची बोलणी सुरू झाल्यावरच, आणि शक्यतो थेट कंपनीच्या एचआरला. तोवर पगाराचा आकडा तोंडी सांगितला तरी पुरतो. संदर्भासाठी सध्याच्या कंपनीतलं नाव देऊ नका. आधीच्या नोकरीतले वरिष्ठ किंवा निवृत्त झालेले सहकारी द्या, त्यांना आधी फोन करून. पार्श्वभूमी तपासणीचा संमतीचा फॉर्म येतो, त्यात सध्याच्या कंपनीशी संपर्क करायला परवानगी आहे का, असा रकाना बहुधा असतो. तिथे ‘नाही’ लिहा आणि ‘राजीनामा स्वीकारल्यानंतर’ अशी नोंद करा. रकाना नसेल तर मेलने कळवा. हा फॉर्म न वाचता सही केल्यामुळे तपासणी करणाऱ्या एजन्सीचा फोन थेट सध्याच्या एचआरला जातो आणि महिनोन् महिने जपलेलं गुपित एका दुपारी फुटतं.

आता मुलीचं. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात आहे, पण कुठे जायचं हे मुख्यतः तिच्यावर ठरायला हवं, असं आमचं मत आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याचा जो ८५ टक्के कोटा असतो, त्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. काही अपवाद आहेत, पण खाजगी नोकरीतल्या बदलीला ते लागू होत नाहीत. म्हणजे तुम्ही राजकोटला गेलात आणि तिने अकरावी-बारावी तिथे केली, तर नीटमध्ये गुण चांगले पडूनही महाराष्ट्राच्या कोट्यात ती बसणार नाही. दुसऱ्या राज्यातल्या कोट्याच्या अटी वेगळ्या, त्यात ती बसेलच असं नाही. पुणे निवडलंत तर हा प्रश्न येत नाही. बाहेरचं राज्य निवडलंत तर मुलगी बारावी होईपर्यंत कुटुंब कोल्हापुरात आणि तुम्ही तिकडे, असा सुमारे अडीच वर्षांचा हिशेब मांडूनच हो म्हणा. प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी येते, ताजी स्वतः वाचा.

वेळेचा हिशेबही याच्याशी जोडा. या पातळीवरचा शोध तीन ते सहा महिने चालतो, त्यावर ९० दिवसांची नोटीस. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा ती दहावीच्या मध्यावर असेल. दहावीत शाळा बदलू नका, बोर्डाच्या नोंदणीपासून सगळं अडतं. पुणं असलं तरी पहिलं वर्ष तुम्ही एकट्याने राहायचं आणि परीक्षेनंतर, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, घर हलवायचं. ही प्रक्रिया आता सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, त्यामुळे कोल्हापुरात बसून पुण्याचं कॉलेज भरता येईल.

हेच ऑफरच्या बोलण्यात वापरा. कुटुंब वर्षभराने येणार, हे आधीच सांगा आणि स्थलांतराची रक्कम तेव्हाही मिळेल असं पत्रात लिहून घ्या. एरवी ती रुजू झाल्यापासून दोन-तीन महिन्यांत वापरायची अट असते आणि तुमच्या बाबतीत ती वाया जाईल. महिनाभराची राहण्याची सोय, घर पाहायला पत्नीसह एक फेरी, सामान हलवण्याचं प्रत्यक्ष बिल, घराच्या डिपॉझिटसाठी उचल, एवढं मागणं रास्त आहे. वर्षाच्या आत सोडलं तर स्थलांतराचा खर्च परत, असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. त्यात ‘कंपनीने काढलं तर लागू नाही’ हे शब्द घालून घ्या. पगाराचं बोलताना सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावरच्या कंपनीच्या एकूण वार्षिक खर्चाचा, आकडा बाजूला ठेवा, निश्चित किती आणि कामगिरीवर अवलंबून किती ते विचारा. गेल्या दोन वर्षांत कामगिरीचा भाग प्रत्यक्षात किती टक्के दिला, हेही विचारा. इथे कन्सल्टंट उपयोगी पडतो. हे प्रश्न तुमच्या तोंडून आले तर अवघडल्यासारखं होतं, त्याच्या तोंडून सहज येतात. तुमचं काम झाल्याशिवाय त्याची पूर्ण फी नाही, त्यामुळे या टप्प्यावर त्याचं आणि तुमचं हित एका दिशेला असतं. एकच सावधगिरी : तुमची शेवटची मर्यादा, यापेक्षा कमी घेणार नाही तो आकडा, त्यालाही सांगू नका.

सहीचं नियुक्तीपत्र हातात येईपर्यंत राजीनामा नाही. ‘इरादापत्र पाठवतोय, तुम्ही द्या राजीनामा’ याला भुलू नका. नोटीस ९० दिवसांची आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. प्लांट हेडसाठी कंपन्या तेवढं थांबतात. १४ वर्षांची ग्रॅच्युइटी विसरू नका : त्यासाठी धरला जाणारा मासिक पगार समजा १ लाख असेल तर तो गुणिले १५ भागिले २६ गुणिले १४, म्हणजे सुमारे ८ लाख ८ हजार होतात आणि ते ३० दिवसांत द्यायचे असतात. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. त्याच आर्थिक वर्षातलं जुन्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा, नाहीतर प्रमाणित वजावट दोन्हीकडे धरली जाते आणि वर्षअखेर कर भरावा लागतो.

तुमच्या करारात ‘स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं कलम असेल तर घाबरू नका. नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं. कॉस्टिंग शीट, ड्रॉइंग, ग्राहकांचे दर, यातलं काहीही पेन ड्राइव्हवर किंवा खाजगी मेलवर घेऊ नका, ‘माझंच काम आहे’ असं वाटलं तरी. करार एकदा वकिलाला दाखवा, शक्यतो कोल्हापूरबाहेरच्या.

मालकांना सांगाल तेव्हा समोर बसून सांगा, मेल त्यानंतर. दोन पिढ्यांशी संबंध असेल तर आधी वडिलांना, त्याच दिवशी मुलाला. थांबा, पगार वाढवतो, असं म्हणतील. तुम्ही पगारासाठी निघालेला नाही, वरची जागा नाही म्हणून निघालाय, आणि ती पैशाने तयार होणार नाही. पुढच्या ९० दिवसांचं हस्तांतर कसं करणार याचं एक पान सोबत न्या : कुठला ग्राहक कोण सांभाळेल, कुठलं काम अर्धं आहे. घरोबा टिकवायचा असेल तर ते पान उपयोगी पडेल.

मेहुण्याचं. त्याला विचारू नका, त्याच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. त्याची पॅटर्नची बिलं याच चार कारखान्यांतून निघतात. त्याला कळलं आणि तो गप्प राहिला, तर उद्या तुमचे मालक त्याला विचारतील, ‘तुला माहीत होतं ना?’ त्याला त्या जागी बसवू नका. पत्नीला पहिल्या दिवसापासून सगळं सांगा, आणि तिच्या भावाला कधी सांगायचं हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवा : मालकांना सांगितल्याच्या संध्याकाळी, तुम्ही स्वतः त्याच्या घरी जाऊन.